अनुवाद यंत्राचा, सही कुणाची?

डिस्चार्ज या एका इंग्रजी शब्दाला आमच्या सांगली-मिरजेत चार धंदे आहेत. मिरजेच्या दवाखान्यातून पेशंटला घरी सोडतात तो डिस्चार्ज. त्याला आम्ही डिस्चार्जच म्हणतो, आणि 'आजींना उद्या डिस्चार्ज आहे' हे अस्सल मराठी वाक्य आहे असं माझं मत आहे. कोयनेच्या दरवाजांतून नदीत पाणी सुटतं तो विसर्ग. पावसाळ्यात हा शब्द इथल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो, व्याकरणातला विसर्ग त्यांना पुढं कधीतरी भेटतो. कोर्टात आरोप ठेवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून एखाद्याला सोडून देतात, तेव्हा तो दोषमुक्त होतो. आणि टाके घातलेल्या जागेतून काही येत असेल तर डॉक्टरांच्या कागदावर तोही डिस्चार्ज, घरच्यांच्या भाषेत 'जखम वाहतीय'.

वीसेक वर्षं मी या चारही डिस्चार्जवर पोट भरतोय. इंग्रजी कागदांचं मराठी करून देणं हा माझा व्यवसाय. कोर्टाची कागदपत्रं, पतसंस्थांच्या नोटिसा, औषधांची माहितीपत्रकं, फवारणीच्या खोक्यांतले बारीक टायपातले घडीचे कागद. पूर्वी हे काम कोऱ्या पानापासून सुरू व्हायचं. आता येतं तेच मुळी 'मराठी झालेलं' येतं. "सर, भाषांतर मशीननं झालंय, तुम्ही फक्त एकदा नजर टाका," असा निरोप असतो आणि दर निम्मा असतो. अलीकडं नजर टाकायलाही कुणी सांगत नाही. कागद थेट छापून बाजारात येतो आणि मला तो दुकानाच्या काउंटरवर भेटतो.

हा लेख यंत्राच्या विरोधात नाही. मी रोज ते वापरतो. चाळीस पानी करारनाम्याचा कच्चा खर्डा ते पाच मिनिटांत पुढ्यात टाकतं, आणि त्यातली निम्मी वाक्यं मला हात न लावता ठेवता येतात. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. माझं भांडण वेगळं आहे. एखादी संस्था लोकांच्या हातात अनुवाद केलेला कागद देते, तेव्हा तो यंत्रानं केला असला तरी चालेल. पण तो वाचून पाहिलेल्या माणसाचं नाव आणि सही त्याच्याखाली पाहिजे. आज ती नसते.

ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांच्यासाठी थोडं मागं जातो.

१९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून एक प्रयोग दाखवला. यंत्राला २५० शब्द आणि व्याकरणाचे ६ नियम दिले होते, तेवढ्यावर त्यानं साठाहून जास्त रशियन वाक्यं इंग्रजीत आणली. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. आणखी तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल असंही सांगून झालं. १९६६ साली अमेरिकी सरकारनंच नेमलेल्या समितीनं पाणी ओतलं आणि संशोधनाचा पैसा आटला. मग नियमांची यंत्रं गेली, आकडेशास्त्राची आली. माणसांनी आधी केलेले अनुवाद लाखांनी गोळा करायचे आणि कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द वारंवार येतो याचा हिशेब मांडायचा. गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ साली आली ती याच पद्धतीची. तेव्हाची मराठी लंगडायची. शब्द इकडचे तिकडं, क्रियापद मधेच कुठंतरी अडकलेलं. २०१७ साली मराठीसाठी न्यूरल पद्धत आली, म्हणजे तुकडे न जोडता अख्खं वाक्य एकदम पाहणारी, आणि वाक्यं एका रात्रीत सरळ चालायला लागली.

माझ्या मते धोका तिथून सुरू झाला. लंगडं वाक्य वाचणाऱ्याला सावध करतं. 'हे काहीतरी बिघडलंय, कुणाला तरी विचारू' असं त्याच्या मनात येतं. नवीन वाक्य इस्त्री केलेलं असतं, चूक असली तरी इस्त्रीची.

गेल्या हंगामातली गोष्ट. माझा मेहुणा जत तालुक्यात द्राक्षबाग करतो. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. त्यानं डोळे एकसारखे फुटतात. बागायतदाराला यात नवीन काही नाही. पण या वेळी त्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली आणली होती. त्यानं रात्री फोन केला.

"दाजी, ह्यात लिवलंय, छाटणीनंतर लगेच उसाच्या कळ्यांना लावा. माझ्याकडं ऊस हाय कुठं?"

मी कागदाचा फोटो मागवला. इंग्रजीत द्राक्षाच्या काडीला 'केन' म्हणतात आणि डोळ्याला 'बड'. यंत्रानं केनचा ऊस केला आणि बडची कळी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. द्राक्ष आणि ऊस, सांगली जिल्ह्याची दोन्ही पिकं एकाच वाक्यात आणल्याबद्दल यंत्राचं कौतुकच करायला हवं.

पण हसून झाल्यावर मी कागद पुढं वाचला. सुरक्षिततेच्या सूचनांत सातवी का आठवी ओळ होती: 'हाताळणीपूर्वी व नंतर अल्कोहोल टाळा.' व्याकरणात चूक नाही. एकही शब्द चुकीचा नाही. परीक्षकानं पैकीच्या पैकी गुण दिले असते. आणि ही ओळ ज्यानं वाचायची, तो पेस्टिंग करणारा मजूर, त्याला त्यातून काहीही कळत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत त्याला अल्कोहोल हा शब्द माहीत झाला तो हाताला चोळायच्या सॅनिटायझरमुळं. तो म्हणणार, ठीक आहे, हात साबणानं धुऊ. सायनामाइड अंगात गेलं की दारू पचवायची शरीराची वाट अडते. वर दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. माणूस दवाखान्यात जातो. त्या ओळीचं मराठी असं हवं होतं: 'हे औषध लावायच्या आदल्या दिवशी, लावताना आणि पुढं काही दिवस दारू पिऊ नका.' किती दिवस, ते मूळ कागदात होतं तसं आकड्यात.

मेहुण्यानं उसाची चूक पकडली, कारण ती हास्यास्पद होती. दारूची चूक त्यालाही दिसली नव्हती. ही चूक पकडायला दोन्ही भाषा येऊन भागत नाही. कागद कोण वाचणार आहे, संध्याकाळी काम सुटल्यावर तो कुठं जातो, हे माहीत असणारा माणूस लागतो. असा माणूस जिल्ह्यात शोधला तर सापडतो. कृषी सहायक आहे, औषध दुकानदार आहे, पेस्टिंगची टोळी घेऊन येणारा मुकादम आहे. त्यांच्यापैकी एकाला तरी तो कागद छापण्याआधी दाखवला होता का? कागदावर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळं विचारणार कुणाला?

यंत्राची परीक्षा घेणारेही हे पकडत नाहीत, कारण त्यांची मोजपट्टीच वेगळी. २००२ सालापासून ब्लू नावाचं एक माप चालत आलंय. यंत्राचं वाक्य आणि माणसाचं वाक्य शेजारी ठेवायचं आणि किती शब्द, किती शब्दांच्या जोड्या जुळतात ते मोजायचं. हजारो वाक्यांची सरासरी काढली की एक आकडा मिळतो. संशोधनाला ते उपयोगी आहे, कुठलं यंत्र बरं हे ढोबळपणे कळतं. त्यानंतर आणखी शहाणी मापं आली, पण तीही शेवटी सरासरीच सांगतात. मराठीत एका प्रत्ययानं काय होतं पाहा. 'पातळी ४४ फुटांवर येईल' आणि 'पातळी ४४ फुटांवरून येईल' यांत फक्त 'रून' जास्त आहे. पहिल्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ राहणारा माणूस सामान माळ्यावर टाकायला लागतो, दुसऱ्यात पाणी उतरतंय असं समजून तो झोपतो. सरासरीला हा फरक दिसत नाही.

मराठी या बाबतीत जात्याच अवघड आहे. 'सांगलीकरांनासुद्धा' हा आमचा एक शब्द. इंग्रजीत त्याला पाच-सहा शब्द मोजावे लागतात. यंत्र असे शब्द अखंड शिकत नाही, त्यांचे तुकडे पाडून शिकतं. प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, त्यावर 'ही' नाहीतर 'च', असं एकावर एक चढत जातं. जे रूप पुष्कळदा पाहिलं ते यंत्राला पाठ होतं. जे क्वचित पाहिलं तिथं ते अंदाज बांधतं. त्यामुळं त्यानं पाहिलं काय, हा खरा प्रश्न.

त्यानं पाहिली पत्रकं. मद्रास आयआयटीतल्या एआय४भारत गटानं २०२१ साली 'समानांतर' नावाचा संग्रह खुला केला. इंग्रजी आणि ११ भारतीय भाषा यांच्या मिळून ४ कोटी ९७ लाख वाक्यजोड्या. मोठं काम आहे, आणि फुकट वापरायला दिलंय हे त्याहून मोठं. त्यात मराठीचा वाटा हिंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. अशा संग्रहांत सरकारी प्रसिद्धिपत्रकं, बातम्या, भाषणं यांचा भरणा असतो, कारण दोन भाषांत शेजारी शेजारी मिळणारा मजकूर तोच. म्हणून यंत्राची मराठी सतत दीपप्रज्वलन करत असल्यासारखी बोलते. 'याप्रसंगी', 'सदर', 'करण्यात आले आहे'. तिला हळकुंड माहीत नाही. हळदीवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं यंत्रानं केलेलं मराठी माझ्याकडं आलं होतं. त्यात हळकुंडाला 'हळदीचे बोट' होतं, जेठ्या गड्ड्याला 'मातृ कंद', आणि हळद शिजवून वाळवण्याच्या प्रकरणाचा, म्हणजे इंग्रजीतल्या 'क्युरिंग'चा, मथळा होता 'हळद बरी करणे'. मार्केट यार्डात सौद्याला उभ्या असलेल्या कुठल्याही अडत्यानं हे तीन शब्द तीन सेकंदांत सुधारून दिले असते. हे शब्द आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यंत्राच्या वाटेला आले नाहीत, एवढंच.

का आले नाहीत याचं एक उत्तर आमच्या डीटीपीच्या दुकानांत आहे. नव्वदच्या दशकापासून वीस-पंचवीस वर्षं सांगलीत जे मराठी छापलं गेलं, म्हणजे बाजार समितीची परिपत्रकं, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, द्राक्ष मेळाव्यांच्या स्मरणिका, ते सगळं श्रीलिपीत नाहीतर डीव्ही-टीटी सुरेखसारख्या फाँटात. कागदावर ते सुंदर दिसतं. पण संगणकाच्या लेखी त्या फायलीत मराठी नाहीच, इंग्रजी चिन्हांचा चिवडा आहे. फाँट गेला की मजकूर गेला. त्यातले कित्येक अहवाल दोन भाषांत होते. तज्ज्ञ माणसांनी तपासलेले, तालुक्याच्या शब्दांनी भरलेले. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून वाचता येईल अशा रूपात, आणले तर त्यांच्यावर यंत्र पोसता येईल. आज ते हार्ड डिस्कवर किंवा रद्दीत आहेत. मी स्वतः माझं २०१० पूर्वीचं काम असंच घालवून बसलोय, त्यामुळं दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला बेताचाच.

कन्नडचा मुद्दा राहिला, आणि तो मिरजेत राहून टाळता येत नाही. अथणी, रायबाग, विजयपूर, बागलकोटकडचे पेशंट मिरजेला येतात, शंभर वर्षांहून जास्त काळ येताहेत. दवाखान्यातल्या जुन्या आया आणि वॉर्डबॉय दोन्ही भाषा बोलायचे. नवीन मुलं मोबाइल पुढं धरतात. पुष्कळ यंत्रं कन्नडमधून मराठीत सरळ येत नाहीत, वाटेत इंग्रजीत उतरतात. आता थेट जाणारीही झालीत, पण मोबाइलमधलं कुठल्या रस्त्यानं जातं ते पेशंटला कोण सांगणार? मी एका ओळखीच्यांना भेटायला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेजवळ हा प्रकार पाहिला. पोराबरोबर आलेला माणूस स्वतःला त्याचा 'सोदरमाव' म्हणाला. मोबाइलनं त्याचा इंग्रजीत 'अंकल' केला आणि मराठीत काका. अर्जावर 'रुग्णाशी नाते: काका' असं पडलं. मग काउंटरवरची मुलगी विचारायला लागली, काका आहात तर आडनाव वेगळं कसं? कन्नडला मामा आणि चुलता यांतला फरक पक्का ठाऊक, मराठीलाही ठाऊक. मधल्या इंग्रजीनं तो गिळला. तू आणि तुम्हीचंही तसंच. नदीच्या दोन्ही काठांवर म्हाताऱ्या माणसाला एकेरी हाक मारत नाहीत, पण इंग्रजीतून जाऊन आलेलं वाक्य कधी अज्जीला 'तू' म्हणेल याचा भरवसा नाही. शेवटी तिथल्या आयाबाईंनीच चार शब्दांत सोडवलं.

आता सहीकडं येतो.

आपल्याकडं ही गोष्ट नवीन नाही. जमिनीचा कुठलाही जुना दस्त काढून बघा. लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार, आणि तळाला दस्तलेखकाचं नाव. मजकूर त्याचा नसतो, जमीन त्याची नसते, तरी त्याचं नाव असतं. उद्या वाद झाला तर 'हा शब्द तू का घातलास' असं त्याला विचारता येतं. पोलिसांत फिर्याद दिली की शेवटी 'माझे सांगणेप्रमाणे लिहिली आहे, वाचून पाहिली, बरोबर आहे' असं येतं आणि त्याखाली सही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १९ नुसार नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न चालणाऱ्या भाषेतला दस्त आला तर त्याबरोबर खरा अनुवाद जोडावा लागतो. खरा म्हणजे कुणीतरी खरा म्हटलेला. अंगठा उठवणाऱ्याच्या नावापुढंही 'निशाणी डावे हाताचे अंगठ्याची' असं लिहून कुणी ते घातलं ते नोंदवायची आपली रीत होती. कागद आणि माणूस यांची गाठ आपण कधी सोडली नव्हती. ती यंत्रानं सोडली नाही, यंत्र विकत घेणाऱ्यांनी सोडली.

यावर मला नेहमी सांगतात की तळटीप असते की. 'हा अनुवाद स्वयंचलित आहे, चुकांना आम्ही जबाबदार नाही.' तळटीप आणि सही यांत फरक आहे. सही करणारा ओझं उचलतो, तळटीप ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवते. सर्वोच्च न्यायालयाचं उदाहरण त्यातल्या त्यात बरं. तिथं २०१९ पासून 'सुवास' नावाचं यंत्र निकालांचे अनुवाद करतं, आणि त्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे पक्षकाराला आपल्या भाषेत समजावं एवढ्यासाठी आहे, अधिकृत निकाल इंग्रजीच. हे प्रामाणिक आहे, शिवाय मूळ निकाल शाबूत आहे आणि वकील आहे. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी, त्याचं यंत्रानं 'सुट्टी मंजूर' केल्याचा किस्सा न्यायमूर्तींनीच सांगितल्याच्या बातम्या मध्यंतरी आल्या होत्या. म्हणजे वरच्या पातळीवर वाचणारी माणसं जागी आहेत. पण पेस्टिंग करणाऱ्या मजुराला वकील नाही, आणि त्याच्या हातातला मराठी कागद हाच त्याच्यापुरता मूळ कागद.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कागदांचे डोंगर आहेत आणि अनुवादक मूठभर. सहीचा हट्ट धरलात तर मराठी होणारच नाही, पुन्हा सगळं इंग्रजीत राहील. अर्धी भाकरी तर अर्धी. हे मला पटतं, आणि म्हणूनच मी सगळ्या कागदांवर सही मागत नाही. माणूस स्वतःहून मोबाइलवर काही उलटून वाचतो, तेव्हा यंत्राशी बोलतोय हे त्याला माहीत असतं. तो दोन पावलं मागं उभा राहून वाचतो. त्याला कुणाची सही नको. केंद्र सरकारनं २०२२ साली 'भाषिणी' ही भारतीय भाषांची अनुवादसेवा सुरू केली, पाठोपाठ २०२३ साली आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी इंडिकट्रान्स२ हे अनुवादाचं यंत्र आलं. या सोयी लोकांनी मनसोक्त वापराव्यात. पण संस्थेचं बोधचिन्ह डोक्यावर घेऊन आलेला कागद वाचणारा विश्वासानं वाचतो. त्यातही ज्या कागदामुळं माणूस अंगाला काही लावणार, पोटात काही घेणार, पैसे भरणार किंवा कोर्टात उभा राहणार, तेवढ्याच कागदांवर सही मागतोय. असे कागद डोंगराएवढे नाहीत. एका औषधाचं पत्रक एकदा तपासलं की लाखभर प्रती निघतात. लाखभर प्रतींच्या छपाईला पैसे आहेत आणि एका वाचनाला नाहीत, हे मला कुणी पटवून द्यावं.

तिसरा आक्षेप माझ्या तोंडावर कुणी घेत नाही, पाठीमागं घेतात: ह्याचा धंदा बसला म्हणून हा ओरडतोय. अंशतः खरं आहे. दर निम्मा झाल्यावर माणूस तात्त्विक होतो. पण सही माझीच पाहिजे असं मी कुठं म्हणतोय? औषधाच्या पत्रकावर कृषी पदवीधराची असू दे, कर्जाच्या नोटिशीवर शाखेतल्या त्या जुन्या क्लार्कची, ज्याला तारण, गहाण आणि नजरगहाण यांतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

सही करणारा वाचेल तेव्हा खाडाखोड करेल. यंत्राचं वाक्य आणि त्याचं सुधारलेलं वाक्य, ही जोडी यंत्राला शिकवायला सगळ्यात किमती. 'भाषिणी'नं 'भाषादान' म्हणून लोकांकडं वाक्यं मागितली, चांगलंच आहे. पण कचेरी-कचेरीत रोज होऊ शकणारी ही दुरुस्ती लाल पेनानं कागदावर करून तो कागद फायलीला लावला तर ती तिथंच मेली. तीच युनिकोडमध्ये, मूळ वाक्यासकट जपली तर पाच वर्षांत जिल्ह्याजवळ स्वतःचा संग्रह होईल, ज्यात केन म्हणजे काडी असेल आणि फिंगर म्हणजे हळकुंड.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पुरापासून. कॅनडात १९७७ पासून मेटेओ नावाचं यंत्र हवामानाची पत्रकं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करायचं. रोजची तीच ती वाक्यं, वारा इतका, पाऊस तितका. माणसं त्या कामाला इतकी कंटाळायची की टिकायची नाहीत. शब्द मोजके आणि वाक्यांची ठेवण ठरलेली, म्हणून ते यंत्र आजच्या मानानं अगदी साधं असूनही वर्षानुवर्षं चाललं. अनुवादकाला थोड्याच वाक्यांत हात घालावा लागायचा. कृष्णेच्या पुराची भाषा अशीच आखीव आहे. धरण, विसर्ग, क्यूसेक, फूट, इंच, वेळ, गाव. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता, आयर्विनला किती झालं आणि आलमट्टीतून किती सोडलं. आलमट्टी धरण कर्नाटकात, तिथली माहिती कन्नडमध्ये. कोयना आमच्याकडं, तिचा विसर्ग मराठीत, आणि ते पाणी सांगली ओलांडून अथणी-रायबागच्या कन्नड गावांत शिरतं. दोन्हीकडच्यांना एकमेकांची बातमी लागते, आणि ती त्या घाईत कुणीतरी कुणाला तरी विचारून, ऐकीव, फॉरवर्ड झालेली पोचते. शंभर-दीडशे शब्द आणि पन्नासेक वाक्यांचे साचे दोन्ही भाषांत आधीच तपासून ठेवले, इंग्रजीत न उतरता थेट, आणि आकडे तेवढे यंत्रानं भरले, तर जूनच्या आत हे उभं राहू शकतं. पत्रकाखाली पाटबंधारेच्या एका मराठी आणि एका कन्नड जाणणाऱ्या माणसाचं नाव, आणि वेळ. 'फुटांवर' आणि 'फुटांवरून' हे त्या दोघांनी बघायचं. रात्री दोन वाजता पत्रक निघालं तर दोन वाजता बघायचं. पुरात तसंही कुणी झोपलेलं नसतं.

मेहुण्याच्या बाटलीचं राहिलं. मी कागदातल्या दोन्ही चुका, म्हणजे ऊस आणि अल्कोहोल, नीट लिहून, सुधारलेली वाक्यं देऊन कंपनीच्या तक्रार क्रमांकावर पाठवायला लावल्या. चार दिवसांनी त्याच्या मोबाइलवर मराठीतून उत्तर आलं. त्यानं ते मला पुढं पाठवलं: 'प्रिय ग्राहक, पोहोचल्याबद्दल धन्यवाद. तुमचे तिकीट बंद करण्यात आले आहे.'

पाठोपाठ त्याचा फोन. "दाजी, कसलं तिकीट? मी यष्टीनं कुठं गेलोच न्हाई."

मी त्याला उत्तराखाली कुणाचं नाव आहे का ते बघायला सांगितलं. त्यानं वर-खाली करून पाहिलं. नव्हतं.